जुलैत टिकेल तेवढंच: साताऱ्यात राहून वजन उतरवायचं आणि उतरलेलं राखायचं

साताऱ्यात पहाटे साडेपाचला अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर उभं राहिलं, तर कोणता महिना चालू आहे हे कॅलेंडर न बघता सांगता येतं. दिवाळीचा फराळ संपला की आठवडाभरात नवे कोरे बूट दिसायला लागतात. एक जानेवारीला तर वळणावळणावर गर्दी. फेब्रुवारीत ती निम्म्यावर येते, चैत्रात गावोगावच्या जत्रा लागल्या की आणखी विरळ होते, आणि जूनच्या मध्याला कासच्या बाजूनं काळं आभाळ उतरलं की रस्त्यावर मळक्या रेनकोटातली जुनी मंडळी तेवढी उरतात. उतरलेलं वजन टिकतं ते बहुतेक याच मंडळींचं.

मी त्यांच्यात उशिरा सामील झालो. आधी एकदा अकरा किलो उतरवून तेरा किलो चढवलेला माणूस मी. तेव्हा एका केंद्राचं तीन महिन्यांचं पॅकेज घेतलं होतं. सकाळ-संध्याकाळ पावडर, दुपारी सूप. पॅकेज संपलं, पावडर संपली, आणि घरी नेमका आखाड चालू होता. पुढचं सांगायला नको. दुसऱ्या वेळी ९१ वरून ७७ ला यायला सव्वा वर्ष लागलं. त्याला आता सहा पावसाळे झाले.

म्हणून नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी प्रत्येक सवयीबद्दल एकच प्रश्न विचारायला लावतो: ही जुलैत टिकेल का? आठ-आठ दिवस न उघडणाऱ्या पावसात, आखाडाच्या मटणापुढे, बेंदराच्या पोळीपुढे? टिकणार नसेल तर ती कितीही गुणाची असो, सोडा आणि तिची एखादी धाकटी बहीण शोधा. माझा पहिला सल्ला त्यातूनच आलाय. सुरुवात जूनमध्ये करा. पावसात लागलेली सवय उन्हाळ्यात आपोआप चालते. उलटं सहसा होत नाही.

पहिलं काम: टेप आणि काटा

घरात साधा डिजिटल वजनकाटा हवा आणि शिवणकामाचा टेप. टेप बेंबीवरून अंदाजानं गुंडाळू नका. शेवटची बरगडी संपते आणि कमरेचं हाड सुरू होतं, त्यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईचा ८० च्या वर असेल तर पोटातली चरबी वाढलेली आहे असं भारतीयांसाठीचे निकष सांगतात. वजनाचंही तसंच. युरोप-अमेरिकेत बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन मोजणारा आकडा, २५ च्या वर गेला की जादा वजन म्हणतात, आपल्याकडे ती रेघ २३ वर आहे आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, कारण आपल्या लोकांना कमी वजनातही मधुमेह गाठतो. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला या दोन रेघा साधारण ६३ आणि ६८ किलोला लागतात. हे वाचून घाबरायचं काही नाही. मी अजूनही माझ्या उंचीच्या रेघेच्या वरच आहे.

रक्तातली साखर, थायरॉईड आणि बीपी एकदा तपासून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलायचंच. खाणं घटलं आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर एकदम खाली जाते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हा लेख सध्या बाजूला ठेवावा.

पहिलं लक्ष्य ५ ते ७ टक्क्यांचं धरा, म्हणजे ८५ किलोच्या माणसानं सहा किलो. ऐकायला थोडं वाटतं. पण २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात लोकांना एवढंच सांगितलं होतं: ७ टक्के वजन उतरवा आणि आठवड्याला १५० मिनिटं चाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या त्या लोकांमध्ये मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. आठवड्याला अर्धा किलो या चालीनं जूनमध्ये निघालेला माणूस गणपतीपर्यंत सहा किलोंवर पोचतो.

वजन परत का येतं, हे सुरू करण्याआधी समजून घ्या

आमच्याकडे हे समजवायला डॉक्टर लागत नाही, गावातला जुना पैलवान पुरतो. ऐन उमेदीत रोज पाचशे जोर, हजार बैठका. त्यावर दूध, तूप, बदाम. पुढं तालीम सुटते, खुराक सुटत नाही. पन्नाशीत तोच गडी पारावर बसलेला असतो आणि उठताना दोघांचा हात लागतो. खर्च घटला आणि जमा तेवढीच राहिली, एवढाच हिशेब.

वजन उतरवलेल्या माणसाचाही हिशेब हाच असतो, फक्त त्याच्या लक्षात येत नाही. ९१ किलोचं धूड दिवसभर वागवायला जेवढी ऊर्जा लागत होती, तेवढी ७७ किलोच्या शरीराला लागत नाही. म्हणजे 'आता झालं, पुन्हा पहिल्यासारखं जेवू' म्हणणारा माणूस पहिल्यासारखाच होणार. त्यात शरीर स्वतःही हात आखडतं. उतरलेल्या वजनाच्या मानानं जेवढा खर्च कमी व्हायला हवा, त्याहून थोडा जास्तच कमी करतं. आणि भूक वाढवतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की दहा आठवड्यांच्या कडक आहारानं वजन घटवलेल्या लोकांची भुकेची संप्रेरकं वर्ष उलटून गेल्यावरही बदललेलीच होती. त्यामुळे सहाव्या महिन्यात रात्री दहाला फ्रीज उघडावासा वाटला तर स्वतःला कमकुवत मनाचा म्हणू नका. ती शरीराची वसुली आहे. तिला तोंड द्यायला रोजच्या रोज लागणारी सवय हवी, निश्चय पुरत नाही. निश्चय माझ्याकडे पहिल्या वेळीही भरपूर होता.

पहिल्या पंधरवड्यात काटा झपाट्यानं खाली येतो, त्यालाही भुलू नका. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं कमी झालं की आधी हा साठा आणि त्याचं पाणी जातं. कुस्तीच्या वजनगटात बसायला पोरं घाम गाळून किलो-दोन किलो उतरवतात आणि वजन झालं रे झालं की पाणी पिऊन परत मिळवतात, तोच प्रकार. 'दहा दिवसांत पाच किलो' अशा पाट्यांचं सगळं भांडवल हे पाणी असतं.

आता वजन उतरवायच्या इंजेक्शनांबद्दल लोक विचारतात. सेमाग्लुटाइडसारखी औषधं भूक खरोखर कमी करतात आणि काहींना ती लागतातही. पण ती बंद केल्यावर वर्षभरात लोकांचं उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आल्याचं चाचण्यांत दिसलंय. डॉक्टरांनी दिली तर घ्या. खालची कामं मात्र चुकत नाहीत.

किराण्याची यादी हेच तुमचं डाएट

कॅलरी मोजायचं ॲप मी अकरा दिवस वापरलं. आमटीत कूट किती पडलं हे बायकोला विचारलं तेव्हा तिनं पळी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तुम्हीच करा मग." ॲप तिथंच संपलं. नंतर तिनंच जे सुचवलं ते आजही चालू आहे. "तुमच्यासाठी वेगळी उकडलेली भाजी मी करणार नाही. सगळ्या घराचंच तेल कमी करते."

महिन्याची किराण्याची यादी काढा आणि तीन ओळींवर बोट ठेवा: तेल, साखर, शेंगदाणे.

तेल आधी. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल तर माणशी रोजचं सुमारे ३८ ग्रॅम तेल झालं. तेलाच्या एका ग्रॅमात ९ कॅलरी, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या. तोच डबा तीन लिटरवर आणला तर माणशी २३ ग्रॅम होतं आणि रोजच्या सव्वाशे-दीडशे कॅलरी कुणालाही न कळता जातात. कुणी उपाशी राहिलं नाही, कुणाचं ताट वेगळं झालं नाही. एकदम दोन लिटर तोडू नका. दर महिन्याला अर्धा लिटर कमी करा, जिभेला पत्ता लागत नाही. बाटलीतून थेट कढईत ओतायचं बंद करून चमच्यानं घालायचं, एवढा एकच बदल स्वयंपाकघरात लागतो. आणि तळणाच्या कढईत उरलेलं तेल 'वाया कशाला' म्हणून भाजीला घालायचं नाही.

साखरेचा हिशेबही असाच होतो. चौघांत महिन्याला चार किलो म्हणजे माणशी रोज ३३ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की मोठ्या माणसानं वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, आणि त्यात बिस्किटं, पेढे, सरबत सगळं आलं. गूळ म्हणजे आरोग्य अशी आपली पक्की समजूत. गुऱ्हाळावरची काकवी मलाही आवडते, पण कॅलरीच्या वहीत गूळ आणि साखर जवळजवळ शेजारी-शेजारी बसतात.

शेंगदाण्यावर मात्र मी हात आखडता घ्यायला सांगणार नाही, फक्त हिशेबात धरायला सांगतो. सातारी स्वयंपाकात कूट नाही असा पदार्थ शोधून काढावा लागतो, आणि त्यात प्रथिनं चांगली असतात. घात होतो तो डबा मांडीवर घेऊन टीव्ही बघताना. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम दाणे, १७० कॅलरींचे. डबा वरच्या फळीवर ठेवा, जिथं पोचायला स्टूल लागेल.

ताट

चपाती सोडून भाकरी खायला लागलो तरी वजन हलत नाही, ही तक्रार मी दर आठवड्याला ऐकतो. ज्वारी-बाजरीत चोथा जास्त असतो, पोट लवकर भरतं, हे खरं. पण शंभर ग्रॅम पिठामागे ज्वारी, बाजरी आणि गहू यांच्या कॅलरींत फारसा फरक नाही. घरची चपाती ३० ग्रॅम पिठाची असते आणि आमच्या भागातली हातभर भाकरी ७० ग्रॅमची. दोन चपात्या सोडून दोन भाकऱ्या खाणाऱ्यानं खाणं दुप्पट केलेलं असतं. एका भाकरीवर या. तिच्या बाजूनं मात्र वाढवा: उसळ, पिठलं, पालेभाजी, मुळा, काकडी, कांद्याची पात.

उसळ वाटीनं खा, चमच्यानं नको. मटकी, हरभरा, कोरेगावकडचा घेवडा, काय मिळेल ते. पन्नास-साठ ग्रॅम प्रथिनं दिवसाला मिळाली पाहिजेत. एका अंड्यात ६ ग्रॅम असतात, घट्ट उसळीच्या वाटीत ७-८. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झडतात आणि प्रथिनं कमी पडली की जास्त झडतात. उसळीचा दुसरा गुण म्हणजे ती खाल्ल्यावर चार तास बटाटेवडा आठवत नाही.

भात रात्रीचा बंद केला की वजन उतरतं, हे अर्धवट खरं. उतरतं ते भाताबरोबर जाणाऱ्या दुसऱ्या वाढणीमुळे. मी रात्री भात खातो, एक मूद, आणि आमटी जास्त. माझ्या एका मित्रानं भात सोडला आणि त्याऐवजी रात्री साडेदहाला फरसाण खातो. त्याला मी काही बोलत नाही, मैत्री जुनी आहे.

आईचं सांगायचं राहिलं. ती पहिले सहा महिने माझ्या ताटाकडे बघून म्हणायची, "एवढ्याशा भाकरीवर जगणार का रं तू?" आईशी कॅलरींवर वाद घालू नये. तिच्यासमोर आधी भाजी-उसळ वाढून घ्यायची, ताट भरलेलं दिसतं. तिचं समाधान त्यानंच होतं.

चहा

कचेरीत, दुकानात, पाहुण्याकडे दिवसात पाच चहा होतात. कपाला दोन चमचे धरले तर ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी. एका दिवसात बिनसाखरेच्या चहावर उडी मारणारे तिसऱ्या दिवशी परत येतात. दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी करा. मला शून्यावर यायला चार महिने लागले आणि आता गोड चहा मलाच घोटवत नाही. बाहेर कुणी विचारलं तर 'नको' म्हणू नका, नको म्हटलं की आग्रह सुरू होतो. 'अर्धा, बिनसाखरेचा' म्हणा. मधुमेह झालाय असं समजून लोक हळहळतात, ते सोसायचं.

चालणं, आणि किल्ल्याचा मोह

नव्या माणसानं पहिल्याच दिवशी अजिंक्यतारा गाठू नये. किल्ला शहरापासून साधारण ३०० मीटर उंच. चढताना दम लागतो तो चांगलाच, पण जड शरीर उतरताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. पहिल्या आठवड्यात मिरवणूक काढणारे तिसऱ्या आठवड्यात गुडघ्याला पट्टा बांधून घरी बसलेले मी बघितलेत. गुडघ्याच्या संधिवातावरच्या एका अभ्यासात आढळलं की एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं हलका होतो. म्हणून आधी सपाटी. शाहू स्टेडियम घ्या, किंवा आपल्याच कॉलनीचे रस्ते. पंधरा मिनिटांनी सुरू करा, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, अशी चाल. तीन महिन्यांनी 'चार भिंती' या स्मारकापर्यंत, मग किल्ला. यवतेश्वरचा घाट त्यानंतरचा. हिल हाफ मॅरेथॉनमध्ये त्या घाटानं पळत जाणारी माणसं बघायला मी रस्त्याच्या कडेला उभा असतो, आणि तिथंच राहण्याचा माझा विचार आहे.

रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत असं नाही. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं यंत्र विकताना जाहिरातीत आला. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं ही शिफारस जास्त भरवशाची.

आता नाश्त्याच्या गाड्याविषयी. सातारकराचा किल्ला गाड्यापाशी संपतो. पाऊणशे किलोचा माणूस वर जाऊन खाली आला की अडीचशे-तीनशे कॅलरी खर्च होतात. एक वडापाव तीनशेच्या घरात, मिसळ-पाव त्याहून पुढे. म्हणजे गड चढला, गड उतरला आणि खातं बरोबर. चालण्यानं वजन उतरतं हा समज मोडल्याशिवाय खरं काम सुरू होत नाही. वजन उतरतं ते बहुतांशी ताटात. चालण्याचं मोठं काम पुढं असतं, उतरलेलं राखण्याचं. अमेरिकेत १९९४ मध्ये अशा लोकांची एक नोंद सुरू झाली, ज्यांनी १३ किलोंहून जास्त वजन उतरवून वर्षाच्या वर राखलंय. दहा हजारांहून अधिक माणसं तिच्यात नोंदली गेली. वजन उतरवण्याच्या त्यांच्या वाटा वेगवेगळ्या. पण दहातली नऊ माणसं रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, बहुतेक जण चालतातच, आणि चारातली तिघं आठवड्यातून निदान एकदा काट्यावर उभी राहतात.

तर पावसात तासभर कुठं चालायचं? उत्तर डोक्यावरच आहे. साताऱ्यातल्या निम्म्या घरांच्या गच्चीवर पत्र्याचं शेड असतं, वाळवणासाठी आणि जुन्या कपाटासाठी. आमचं शेड लांबीला चौदा पावलं. चौदा पुढं, चौदा मागं, वर पावसाचा ताशा. पहिल्या दिवशी वेड्यासारखं वाटलं, समोरच्या काकूंनी विचारलंही की काही हरवलंय का. शेड नसेल तर जिना वापरा, किंवा घरातलीच पडवी. दिवसाला तासभर होत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा, दोन जेवणांनंतर आणि एक सकाळी. पाऊस नुसता भुरभुरत असेल तेव्हा रेनकोट घालून बाहेर पडायचं. सवय दारातून बाहेर पडायची लागते, अंतर दुय्यम.

किती दिवसांत लागते? लंडनमध्ये झालेल्या एका अभ्यासात एखादी साधी सवय अंगवळणी पडायला मध्यम मानानं ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडली: मधला एखादा दिवस चुकला तर काही बिघडलं नाही. दोन दिवस लागोपाठ चुकू द्यायचे नाहीत, हा माझा घरगुती नियम.

जोर-बैठका

आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंचं काम हवं. जिमची फी भरायची ऐपत आणि हौस असेल तर जा. नसेल तर औंधची आठवण काढा. याच जिल्ह्यातल्या औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले आणि स्वतः म्हातारपणापर्यंत घातले. बारा जमत नसतील तर तीन घाला. तेही नसतील तर खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं, दहा वेळा, ही बैठकच आहे. भिंतीला हात टेकून जोर. चाळिशीनंतर बायकांनी तर हे टाळूच नये, हाडांसाठीही ते लागतं.

झोपेचं एका ओळीत: रात्री साडेपाच तास झोपणाऱ्याला दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते, आणि ती उसळीची नसते.

सातारी वर्षाचा नकाशा

परदेशी पुस्तकांत सुट्टीचा एकटा डिसेंबर सांभाळला की झालं. आपल्याला बारा महिने सांभाळायचे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवा.

आखाडात मटण होणार, होऊ द्या. रश्श्यावरची तर्री पळीनं बाजूला सारून फोडी आणि खालचा रस्सा घ्यायचा, भाकरी एक, भात नाही. दुसऱ्या दिवशीचं उरलेलं मात्र शेजारी पाठवा. आखाडात वजन वाढतं ते शिळ्या रश्श्यानं. बेंदराच्या दोन पोळ्या तुपासकट खा आणि रात्री ताक पिऊन झोपा. श्रावण सर्वांत फसवा. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण उगीच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, वर बटाटा, कूट आणि तूप. खिचडीची ताटली नेहमीच्या जेवणाहून जड होते. उपास करायचाच तर वरी थोडी, ताक, फळं, राजगिरा. नवरात्रात नऊ दिवस उपास करून दोन किलो वाढवलेले लोक माझ्या ओळखीत आहेत. एका वर्षी मीही त्यातला एक होतो.

दिवाळीला फराळ घरी करा आणि निम्मा करा. डबे पारदर्शक नकोत. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई. पंगतीत एक गोष्ट ध्यानात ठेवा, वाटी रिकामी दिसली की वाढपी ती भरतो. तळाशी घासभर ठेवायचं शेवटपर्यंत. बुफे असेल तर ताटली घेण्याआधी एकदा सगळ्या टेबलांवरून चक्कर मारून या. पाहुण्यांनी आणलेल्या कंदी पेढ्यांचं काय? एक खायचा, सावकाश, बसून. उरलेला डबा त्याच संध्याकाळी दुसऱ्या घरी. राजवाड्याजवळून येता-जाता 'घरी न्यायला' म्हणून पाव किलो घ्यायचे मी बंद केले, कारण घरी न्यायचे ते वाटेतच कमी व्हायचे.

चैत्र-वैशाखातल्या जत्रा या सगळ्याचा कळस. दोन दिवस, चार घरं, प्रत्येक घरी ताट. तिथं नाही म्हणणं हा अपमान असतो आणि मी तो करत नाही. पहिल्या घरी जेवतो, बाकी तीन घरी बसतो, वाटीभर रस्सा पितो, बोलतो. वहिनी म्हणतात, "पावणं, घ्या की, लाजताय काय." मी लाजत नाही, पुढच्या घरचं मोजत असतो.

काटा, आणि एक लाल रेघ

रोज सकाळी, पोट साफ झाल्यावर, पाणी पिण्याआधी वजन करा आणि लिहा. रोजचा आकडा वर-खाली नाचतो. आदल्या रात्रीचं लोणचं, पापड, हॉटेलातलं जेवण मिठाबरोबर पाणी धरून ठेवतं आणि काटा किलोभर वर दिसतो. बायकांना पाळीच्या आधी असंच होतं. म्हणून आठवड्याची सरासरी काढा आणि तीच खरी धरा. रोज बघून जीव कासावीस होत असेल तर दर सोमवारी एकदा. रविवारनंतरचा सोमवार मुद्दाम सांगतोय.

पाच-सहा महिन्यांनी काटा अडेल. अडतोच. तेव्हा आणखी उपाशी राहायला जाऊ नका. महिना-दोन महिने आहे तिथंच वजन राखा, हाही सराव आहे आणि पुढं आयुष्यभर तोच करायचाय. मी ८३ वर तीन महिने अडलो होतो. त्या तीन महिन्यांनी मला जे शिकवलं ते आधीच्या आठ किलोंनी शिकवलं नव्हतं: काहीही उतरत नसताना सकाळी उठून चालायला जायचं.

मग स्वतःची एक रेघ ठरवा, राखायच्या वजनाहून दोन किलो वर. माझी ७९ ला आहे, फ्रीजच्या दारावर लाल पेननं लिहिलेली. आठवड्याची सरासरी तिच्यावर गेली की काय करायचं तेही तिथंच लिहिलंय, कारण त्या वेळी विचार करायला गेलं की माणूस पळवाट काढतो. दोन आठवडे: बाहेरचं खाणं बंद, रात्री भाकरी अर्धी, कूट फक्त एका भाजीत, चालणं पंधरा मिनिटं जास्त. दोन किलो दोन-तीन महिन्यांत परत फेडता येतात. चौदा किलो फेडायला मला सव्वा वर्ष लागलं होतं.

यंदा जत्रेहून आलो तेव्हा काट्यानं ७९.८ दाखवलं. त्यात मीठ-पाणी किती आणि खरं किती हे कळायला चार दिवस थांबलो. ७९.२ वर आलं आणि पुढं हलेना, सरासरीही रेघेच्या वरच. मग फ्रीजवरचा कागद लागू झाला. आता जून लागलाय, ७८.१ आहे. किराण्याच्या यादीत तेल तीन लिटर लिहून झालंय, गच्चीवरचं जुनं कपाट कडेला सरकवलंय. रेनकोट गेल्या वर्षीचाच आहे, उजव्या खिशाला भोक पडलंय, तेवढं पाऊस लागायच्या आत शिवून घ्यायचं राहिलंय.